लग्नाआधीची मुंबई : मित्रमंडळींसोबत एक दिवस
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लग्नाची तारीख कळली की बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींचं ठरतं, "दोन दिवस आधीच येतो, मुंबईही बघून होईल." कुणी पुण्याहून येतं, कुणी कोल्हापूर-बडोद्याहून, कुणी थेट दुबईहून. लग्नघरात तेव्हा आहेराची यादी, हॉलवाल्याचे फोन आणि गुरुजींचं सामान एवढंच डोक्यात असतं. पाहुण्यांना फिरवायला सवड कुणाला? ते काम आमच्यावर सोपवा. फक्त नोंदणी करण्याआधी हे पत्रक वाचा, कारण आमची पद्धत थोडी वेगळी आहे.

आम्ही एका दिवसात मुंबईचा एकच भाग दाखवतो. गेटवे, सिद्धिविनायक, सी-लिंक, जुहू असं सगळं एका दिवसात बसवून द्या, अशी मागणी होते, आणि आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. संध्याकाळी कुलाब्याहून जुहूला निघालात तर निम्मा वेळ गाडीत सिग्नल मोजण्यात जातो. शिवाय ही मंडळी आलेली असतात ती नवरीला किंवा नवरदेवाला भेटायला. लग्नाच्या दिवशी ते दोघं स्टेजवर असतील, समोर फोटोसाठी रांग असेल आणि चार वाक्यंही धड बोलता येणार नाहीत. निवांत गप्पा व्हायच्या त्या याच दिवशी, म्हणून चालायचं कमी आणि बसायचं जास्त, असाच आमचा दिवस आखलेला असतो.

दिवस कोणता धरावा

मेंदी आणि हळद या दोन्हींच्या आधीचा. हळद लागल्यावर नवरा-नवरीने घराबाहेर पडू नये असं बऱ्याच घरांत मानतात आणि त्या घरच्या रीतीचा आम्ही मान राखतो. तुमच्याकडे तसं मानत नसतील तरी मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवा. पाय सुजलेले आणि चेहरा उन्हाने रापलेला, अशा अवस्थेत कुणी बोहल्यावर उभं राहू नये. त्याच संध्याकाळी कुणाकडे केळवण असेल तर आधी सांगा, म्हणजे आम्ही त्याच बाजूला दिवस संपवू.

तुळशीच्या लग्नानंतरचे महिने फिरायला उत्तम. वैशाखातलं लग्न असेल तर सकाळी सातला निघायचं आणि अकराला सावलीत यायचं, यात सवलत नाही. मुंबईत पारा फार चढलेला दिसत नाही, पण दमट हवेत माणूस लवकर थकतो.

फोर्ट ते मरीन ड्राइव्ह

आमची सगळ्यांत आवडती वाट ही. डेक्कन क्वीनने येणारी पुण्याची मंडळी साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला उतरतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच. सामान मात्र कुणाकडून तरी जानवशावर पुढे पाठवा. स्टेशनची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखली, काम 1878 ते 1888 अशी दहा वर्षं चाललं, आणि 2004 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, 1893 ची. मधल्या सेल्फी पॉइंटवर उभं राहिलं की दोन्ही एकत्र दिसतात. तिथे घाई करू नका, घुमटाखालची दगडी कोरीव पानं, पक्षी, प्राणी नीट बघा.

तिथून हॉर्निमन सर्कलला एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसायचं, मग काळा घोडा, मग ओव्हल मैदान. ओव्हलच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे पाहिल्याशिवाय आम्ही कुणाला पुढे नेत नाही. पूर्वेला एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक दगडी काम : उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने उभारलेला, 1878 साली पुरा झालेला राजाबाई टॉवर. पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, रंगीत आर्ट डेको इमारती. पिढ्या दोन, पण समोरासमोर उभ्या, आणि मध्ये पोरांचं क्रिकेट. 2018 साली हे दोन्ही समूह मिळून जागतिक वारसा ठरले. इथून मरीन ड्राइव्ह दहा मिनिटांवर. सूर्यास्ताच्या तासभर आधी कठड्यावर पोचायचं. मग आमचा माणूस मुद्दाम बाजूला जातो आणि तुम्हाला तुमच्या गप्पांवर सोडतो.

गिरगाव

ज्यांना इमारतींपेक्षा वस्ती बघायची आहे त्यांच्यासाठी. खोताची वाडी दादोबा वामन खोत यांच्या नावाची. लाकडी जिने आणि व्हरांड्यांची जुनी घरं आता मोजकीच उरली आहेत. तिथे माणसं राहतात, त्यामुळे कुणाच्या व्हरांड्यात न विचारता फोटोसाठी बसू नका, आवाज हळू ठेवा. हा नियम मोडला तर आम्ही तिथून लगेच निघतो. पुढे वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. समुद्राला इतका लागून असून पाणी गोडं. तिथे श्राद्धविधीही होतात, त्यामुळे काही घरांत लग्नाआधी तिकडे जाणं पसंत नसतं. घरच्या थोरांना विचारून कळवा.

घारापुरी

गेटवेवरून लाँचने तासभर. वर जायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. त्रिमुख सदाशिवाची सुमारे सहा मीटर उंच मूर्ती बघायला हा खटाटोप करावाच, पण अख्खा दिवस तिलाच द्यावा. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाहीत, म्हणून श्रावणाच्या आसपास आम्ही ही सहल घेत नाही.

लोकल, मेट्रो, खाणं

लोकलमध्ये बसायची हौस सगळ्यांना असते. ती अकरा ते चार या वेळात भागवू, पण कामाच्या दिवशीच. रविवारी मेगाब्लॉक असतो. संध्याकाळच्या गर्दीत नवख्यांना घेऊन आम्ही लोकलमध्ये चढत नाही. दादर, बीकेसी किंवा विमानतळाकडे परतणाऱ्यांसाठी आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो सोयीची, चर्चगेटलाच स्टेशन आहे.

खाण्याच्या बाबतीत आम्ही सावध आहोत. धोबीतलावच्या कयानीत (1904 पासून) चहा-बनमस्का, दादरला मुक्काम असेल तर प्रकाशचं पियूष आणि साबुदाणा वडा. समोर कढईतून निघालेलं काहीही खा, पाणीपुरी मात्र लग्नानंतर. ऐन मुहूर्ताला पोट बिघडलेल्या नवरदेवाचे हाल कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

हिंदमाता, भुलेश्वर, मंगलदास मार्केटची खरेदी या दिवसात मिसळू नका. ब्लाउजपीस जुळवायला दोन तास लागतात आणि बाकीचे फूटपाथवर ताटकळतात.

नोंदणी करताना

एका गटात जास्तीत जास्त बाराजण. लहान मुलं, गुडघेदुखी, मधुमेह, उपवास, सगळं आधी सांगा. मोबाइलवर फोटो हवे तेवढे काढा, पण मोठा कॅमेरा आणि फोटोग्राफर आणणार असाल तर रेल्वे स्टेशनात परवानगी लागते आणि ड्रोन पोलिसांच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. चपला जुन्या, पायाला सरावलेल्या घाला. संपर्कासाठी नवरीचा किंवा नवरदेवाचा नंबर देऊ नका. घरातल्या काका, मामा किंवा करवलीचा द्या, म्हणजे उशीर झाला तर आम्ही त्यांना कळवू. आमचा नंबर पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे.