मागेल त्याला काम: एका हक्काची शंभर वर्षांची वाट

ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांच्या आत ते देणे सरकारवर बंधनकारक आहे. देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल. १९७७ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याचा हा गाभा. त्याआधी देशातल्या कोणत्याही राज्याने असे वचन कायद्यात लिहून दिले नव्हते. लोकशाही, मानवी हक्क, लोकांविषयी कणव असलेले नेतृत्व हे शब्द आपण भाषणांत खूप ऐकतो. हे तिन्ही एका कायद्यात कसे उतरले हे पाहायचे असेल, तर रोजगार हमी योजनेची, म्हणजे रोहयोची पार्श्वभूमी तपासावी. त्यासाठी मात्र १९७२ च्या दुष्काळापाशी थांबून चालत नाही. आणखी शंभर वर्षे मागे जावे लागते.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. तेव्हाही सरकार दुष्काळी कामे काढत असे, पण त्यामागचा हिशेब वेगळा होता. काम जितके कष्टाचे आणि मजुरी जितकी तुटपुंजी, तितके खरे गरजूच येतील, अशी धारणा होती. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी म्हणून फिरणाऱ्या रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढेच पुरुषाच्या हातात पडे. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे त्यात काय भागणार? १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ही मजुरी आणि दूरच्या मोठ्या कामांवरची सक्तीची रवानगी नाकारली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळातली ही सभा. उपाशी माणसांनी सरकारी मदतीच्या अटींविरुद्ध उभे राहणे आणि शिकलेल्यांनी त्यांची कैफियत कागदावर उतरवणे, हे आपल्याकडे तेव्हा घडले. आपल्या शालेय इतिहासात या संपाला जागा मिळत नाही याचे मला वाईट वाटते.

त्याच वर्षी २० एप्रिलला सावित्रीबाई फुले यांनी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. तहानभुकेने पडणारी जनावरे, पाला खाऊन जगणारी माणसे, गाव सोडून निघालेली कुटुंबे, सावकारांची पिळवणूक, आणि मदत करणाऱ्या सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच झालेली अटक, हे सगळे त्यात आहे. कलेक्टरकडे दाद मागून त्यांना सोडवल्याचेही त्या लिहितात. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी धनकवडीत बालाश्रम उभा राहिला, त्याच्या मदतीसाठी जोतीरावांनी आवाहन काढले. अन्न शिजवून वाढायचे आणि त्याच वेळी अन्यायाची दाद अधिकाऱ्याकडे मागायची, ही दोन्ही कामे या दांपत्याने एकाच ओघात केली.

त्या दुष्काळानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यात मदतीचे नियम लिहिले होते, पण ते अधिकाऱ्यांसाठी. रयतेला त्यांचा पत्ताच नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी नेमके हेच हेरले. संहितेत सारामाफीची आणि कामाची तरतूद काय आहे, ते ‘केसरी’तून सोप्या मराठीत लोकांपर्यंत पोहोचवले. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगू लागले की पीक बुडाले असेल तर सारा भरायला घरदार विकू नका, नियम तुमच्या बाजूने आहे. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली गेली. सरकारचाच नियम सरकारला वाचून दाखवण्याची एवढी धास्ती का वाटावी, याचे उत्तर सरळ आहे. नियम ठाऊक झालेला शेतकरी हात जोडून येत नाही, मागणी घेऊन येतो.

त्याच दुष्काळात कोल्हापुरात वेगळे चित्र होते. छत्रपती शाहू महाराजांच्या हाती कारभार येऊन जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली होती. त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई, म्हणजे शेतकऱ्यांना सरकारी कर्ज वाटले, निराधारांच्या राहण्याची सोय केली, दुष्काळी कामे काढली. कणव असलेला राज्यकर्ता काय करू शकतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण त्या काळात मिळणे अवघड. पण संस्थानाची हद्द ओलांडली की ती सावली संपत होती. शेजारच्या मुलखातल्या शेतकऱ्याचे नशीब तिथल्या कलेक्टरच्या किंवा संस्थानिकाच्या स्वभावावर अवलंबून राहिले. राजा चांगला निघाला म्हणून वाचलो, ही सुटका खरी असते, पण पुढच्या पिढीला तिचा भरवसा देता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आला, तोही ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता येणार नाही अशा जागी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेला बजावले होते की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. मताचा अधिकार असलेला भूमिहीन मजूर आषाढात कामावर आणि फाल्गुनात उपाशी, ही ती विसंगती गावाच्या पातळीवर दिसणारी.

ती मिटवण्याचा ध्यास घेतला वि. स. पागे यांनी. सांगली जिल्ह्यातले हे गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीची खुर्ची मानाची, पण योजना राबवण्याची नव्हे. तरीही त्यांनी आपल्या भागातल्या मजुरांचा हिशेब मांडायला सुरुवात केली. सातशे रुपये मिळाले तर त्यात गावातल्या किती जणांना काम देता येईल, असा प्रश्न त्यांनी पत्नी प्रभाताईंना विचारला आणि त्या घरगुती आकडेमोडीतून योजनेचा आराखडा सुचला, अशी आठवण सांगितली जाते. पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना लिहिले आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात पहिला प्रयोग झाला. कल्पना साधी होती: पडीक हात आणि पडीक जमीन एकत्र आणायची. मजुराला मजुरी मिळेल आणि गावाला बांध, तलाव, रस्ता मिळेल. १९७२ मध्ये सरकारने राज्यासाठी रोजगार हमी योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला.

१९७० पासून पाऊस कमी पडतच होता. १९७२ मध्ये खरीप हातचे गेले, विहिरी आटल्या. नवी योजना बाजूला ठेवून सरकारला दुष्काळी कामे उघडावी लागली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला त्यांना आजही खडीचे ढीग आठवतात. सकाळी मुकादम हजेरी घेई, बाया पाठीशी लेकरू बांधून हातोडीने दगड फोडत, घमेली भरत. दुपारी कामावर सुकडी वाटली जाई. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी कशी लागायची हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, तोंड वाकडे करूनच सांगतील. पण माणसे जगली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की पीक इतके बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले ते मुख्यतः या कामांमुळे.

ही कामे सरकारने आपणहून, हसत हसत उघडली असे मात्र नव्हे. काम मिळावे, मजुरी वेळेवर मिळावी म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख यांच्यासारखे कार्यकर्ते मजुरांना संघटित करत होते, डावे पक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष रस्त्यावर होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतली होती. वर्तमानपत्रे गावागावांतून बातम्या छापत होती, विरोधक सभागृहात जाब विचारत होते. १८७७ च्या मजुरांपाशी यातले एकच होते, काम नाकारण्याची हिंमत. शंभर वर्षांनंतरच्या मजुरापाशी मतही होते, आणि मंत्र्याला ते ठाऊक होते.

दुष्काळ सरला आणि १९७४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली. आता प्रश्न होता पैशाचा, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय इथे आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखून ठेवले गेले. बागायती जमिनीवर, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर उपकर बसला, आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची असे ठरले. महाराष्ट्रातल्या नोकरदाराने आपली पगारपत्रिका पाहावी. ‘व्यवसाय कर’ म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील, वर्षाला २,५००. ही कपात मुळात खेड्यातल्या मजुराला काम मिळावे म्हणून सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या कचेरीतला कारकून आणि माण-खटावच्या माळावर बांध घालणारी बाई यांच्यात कायद्याने बांधलेला हा धागा होता. शहरात फार थोड्यांना याची कल्पना आहे.

कायदा झाला तो सर्व पक्षांच्या पाठिंब्याने. त्यात पिण्याचे पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर, प्रथमोपचार यांची तरतूद होती. मजुरी कामाच्या मोजमापावर होती आणि दर बाईला व पुरुषाला एकच. शेतावर बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी असणे हा तेव्हा रिवाज होता. रोहयोवर दोघांनी सारखी माती काढली तर सारखे पैसे मिळत. परित्यक्ता, विधवा, भूमिहीन घरातल्या बाया या कामांवर मोठ्या संख्येने आल्या, आणि पाटलाच्या शेतावर परवडेना तेव्हा ‘रोहयोवर जाईन’ म्हणण्याची सोय त्यांना पहिल्यांदा मिळाली. गावातल्या मजुरीच्या घासाघिशीत या एका वाक्याला किती वजन होते, ते शेतमजुरालाच कळेल.

पुढचा इतिहास सरळ नाही. खोटी नावे घातलेले हजेरीपट, महिनोन्‌महिने थकलेली मजुरी, एका ठिकाणी ५० मजूर जमल्याशिवाय काम न काढण्याचा नियम, यांनी हमीला भोके पाडली. नमुना ४ भरून काम मागितले तरी पोच मिळवायला भांडावे लागे, कारण पोच दिली की पंधरा दिवसांचे घड्याळ सुरू होई आणि भत्त्याची जबाबदारी अंगावर येई. बेकारी भत्ता तर जवळपास कोणालाच मिळाला नाही. १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाबरोबर वाढवली गेली. ती वाढ न्याय्यच होती, पण त्यानंतर कामे काढताना हात आखडता घेतला गेला. १९९० पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. त्यातून बागा उभ्या राहिल्या, मात्र लाभ जमीन असलेल्यांना झाला. जिथे शेतमजुरांच्या संघटना जाग्या होत्या तिथे कायदा चालला. जिथे नव्हत्या तिथे तो तहसीलदाराच्या कपाटात राहिला.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला. पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, कामावरचे पाणी, सावली आणि पाळणाघर, या तरतुदी महाराष्ट्राच्या कायद्यात आधीपासून होत्या. त्यात राजस्थानातल्या माहितीच्या अधिकाराच्या चळवळीतून आलेल्या सामाजिक अंकेक्षणाची भर पडली, आणि हजेरीपट गावासमोर वाचून दाखवण्याची सोय झाली. एक गोष्ट मात्र वाटेत सांडली. महाराष्ट्राची हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राची हमी कुटुंबाला होती, वर्षाला १०० दिवसांची. एका घरात कामाला जाणारे चार जण असतील तर दरडोई २५ दिवस. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला कायदा केंद्राच्या कायद्याशी जुळवून घेतला, तेव्हा १०० दिवसांपुढच्या कामाचा खर्च राज्याच्या निधीतून करण्याची तरतूद त्यात ठेवली.