किंग जुना न्यावा की नवा? (सभासदांसाठी माहितीपत्रक)

स्टीफन किंग या अमेरिकन भयकथाकाराचं पुस्तक बदलायला आलेले सभासद काउंटरवर हमखास म्हणतात, "किंगमध्ये आता राम राहिला नाही हो." मागे उभं असलेलं कुणीतरी लगेच "काय बोलता, '११/२२/६३' वाचलंत का?" असं विचारतं आणि रांग अडते. शनिवारी संध्याकाळी हे आम्हाला परवडत नाही, म्हणून हे पत्रक काढलं. किंगच्या पुस्तकांच्या कण्यावर आम्ही रंगीत टिकल्या का चिकटवल्या आहेत, तेही यात सांगितलं आहे.

तारखेच्या चिठ्ठ्या काय सांगतात

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेचे शिक्के मारायची चिठ्ठी असते. वाचकाचं खरं मत तिथे उमटतं, तोंडावर लोक भिडेखातर काहीही सांगतात. 'पेट सेमेटरी' (१९८३) उघडा. एकावर एक तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतील, आणि नेल्याच्या व आणल्याच्या शिक्क्यांत चार-पाच दिवसांचंच अंतर. आता शेजारचं 'अंडर द डोम' (२००९) घ्या. पहिलीच चिठ्ठी अजून अर्धी रिकामी आहे, 'मुदतवाढ'चे शिक्केच जास्त, आणि मध्यावर कुणीतरी बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलंय ते तसंच आहे. आम्ही ते मुद्दाम काढलेलं नाही.

एवढ्यावरून निकाल लावायचा तर सोपं आहे. जुनं ते सोनं, नव्यात पाणी घातलंय. पण त्याच फळीवर 'द टॉमीनॉकर्स' आहे. त्याची चिठ्ठी 'अंडर द डोम'पेक्षाही कोरी, आणि ते पुस्तक आहे १९८७ सालचं, म्हणजे ज्याला सगळे किंगचा सुवर्णकाळ म्हणतात त्यातलंच.

तेव्हाही सगळं सोनं नव्हतं

'कॅरी' १९७४ साली आली. पुढच्या तेरा वर्षांत 'सालेम्स लॉट', 'द शायनिंग', 'द स्टँड', 'पेट सेमेटरी', 'इट' आणि 'मिझरी'. इतक्या कमी वेळात इतकं बळकट काम दुसऱ्या कुणा भयकथाकारानं केलेलं आमच्या तरी पाहण्यात नाही. पण 'मिझरी' आणि 'टॉमीनॉकर्स' एकाच वर्षी प्रसिद्ध झाली आहेत. एक जेमतेम साडेतीनशे पानांचं, दोन माणसं आणि एक खोली, श्वास रोखून वाचावं असं. दुसरं साडेपाचशेच्या वर पानं, आणि पुढे काय चाललंय ते लेखकालाही ठाऊक नसावं असं वाटतं.

ते जवळपास खरंही आहे. त्या काळात किंग दारू आणि कोकेन या दोन्हींत पुरता अडकला होता. 'कुजो' (१९८१) लिहिल्याचं आपल्याला धड आठवतही नाही, असं त्यानं 'ऑन रायटिंग' (२०००) या आठवणींच्या पुस्तकात कबूल केलंय. पुढे बायकोनं, टॅबिथानं, घरच्यांना आणि मित्रांना गोळा करून कचऱ्याची पिशवी त्याच्यासमोर ओतली. बियरचे डबे, पुड्या, गोळ्या, सगळा मुद्देमाल. 'टॉमीनॉकर्स'ला तर आता तो स्वतःच टाकाऊ म्हणतो.

नशा सुटल्यावर पुस्तकं एका झटक्यात सुधारली, असंही झालं नाही. 'इन्सोम्निया' (१९९४) आणि 'रोझ मॅडर' (१९९५) ही ओढूनताणून लिहिलेली आहेत, हा त्याचाच कबुलीजबाब. मग १९ जून १९९९ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात रस्त्याच्या कडेनं चालताना त्याला एका व्हॅननं उडवलं. पाय आणि कंबर मोडली, फुप्फुसालाही इजा झाली. त्या दुखण्यात, वेदनाशामक गोळ्यांच्या अमलाखाली 'ड्रीमकॅचर' (२००१) त्यानं हातानं लिहून काढलं. वाचून बघा, गोळ्यांचा अंमल पानापानावर जाणवतो. आमच्याकडे ते आहे, पण मागितल्याशिवाय आम्ही कुणाच्या हातात देत नाही.

तेव्हा वय झालं म्हणून लेखणी थकली, हे सरळसोट गणित इथे लागू पडत नाही. मात्र दोन गोष्टी खरोखर बदलल्या आहेत.

पहिली गोष्ट: कात्री

'द स्टँड' १९७८ साली छापताना प्रकाशकानं त्यातली चारशेच्या आसपास पानं काढायला लावली. एवढं जाड पुस्तक परवडणार नाही, हे कारण. १९९० साली किंगनं बहुतेक सगळं परत घालून अकराशेच्या वर पानांची आवृत्ती काढली. तोवर त्याला नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

यामागचा धंदा समजून घ्यायचा तर रिचर्ड बाकमनची गोष्ट ऐका. या टोपणनावानं किंगनं १९७७ पासून पाच कादंबऱ्या काढल्या. १९८५ साली वॉशिंग्टनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानातल्या कारकुनानं कॉपीराइटच्या कागदपत्रांवरून बिंग फोडलं. (हे काम आमच्याच जातभाईनं केलं, याचा आम्हाला जरा अभिमान आहे.) 'थिनर' ही कादंबरी बाकमनच्या नावावर अठ्ठावीस हजारांच्या आसपास खपली होती. किंगचं नाव कळताच खप दहापट. मजकुरात एक अक्षर बदललं नव्हतं.

नावावरच दहापट खपणार असेल, तर कोणता संपादक दोनशे पानं काढायचा हट्ट धरेल? खरं तर 'ऑन रायटिंग'मध्ये नवोदितांना किंगच सांगतो की दुसऱ्या खर्ड्यात पहिल्यातला दहा टक्के मजकूर गळायला हवा. हा नियम त्यानं नंतर घरात किती पाळला, याबद्दल आमच्या मनात शंका आहे. 'अंडर द डोम' एक हजार चौऱ्याहत्तर पानांचं आहे. गावावर एक पारदर्शक घुमट उतरतो आणि माणसं आतल्या आत एकमेकांच्या जिवावर उठतात. कल्पना झकास, पहिली दोनशे पानं पळतात. पुढे माणसं इतकी की वहीत नावं लिहून ठेवावीत.

शेवट फसतात ही तक्रार मात्र नवी नाही. आराखडा न करता, जमिनीत पुरलेलं काही उकरून काढावं तसं तो लिहितो. 'इट'चा शेवट आठवा. तो १९८६ सालीही तसाच होता.

दुसरी गोष्ट: भीती कशाची

१९७९ मध्ये किंग विद्यापीठात वर्षभर शिकवायला म्हणून ऑरिंग्टन गावात भाड्याच्या घरात राहत होता. दारासमोरून भरधाव ट्रक जायचे. रस्त्यावर मेलेली पाळीव जनावरं पुरायला तिथल्या मुलांनी घरामागच्या रानात दफनभूमी केली होती. मुलीचं मांजर गाडीखाली गेलं, तेही तिथेच पुरलं. त्याचं धाकटं पोर एकदा धावत त्या रस्त्याकडे गेलं आणि थोडक्यात वाचलं. 'पेट सेमेटरी' म्हणजे ते पोर वाचलं नसतं तर काय, याची कादंबरी. लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच ती इतकी अघोरी वाटली की हस्तलिखित काही वर्षं पडून होतं. ही तिशीतल्या बापाची भीती आहे. घरात लहान मूल असलेल्या सभासदांना आम्ही हे पुस्तक देताना एकदा विचारतो.

साठी उलटलेला माणूस ही भीती कुठून आणणार? त्याला भूतकाळ छळतो. '११/२२/६३' (२०११) मधला शाळामास्तर एका खानावळीच्या कोठीतून सरळ १९५८ सालात उतरतो. तिथे पहिल्यांदा काय करतो, तर दहा सेंटला एक रूट बियर (नावात बियर, पण दारू नव्हे, गोड पेय) पितो. ती चव त्याला थक्क करते, पेयात पेयाची चव आहे म्हणून. केनेडींची हत्या रोखायची, हे कथानक त्यानंतर. त्या एका ग्लासापाशी वाचक खिळतो तो पुढची आठशे पानं सुटत नाही. यात कुणी थडग्यातून उठत नाही. न्यू यॉर्क टाइम्सनं त्या वर्षीच्या दहा उत्तम पुस्तकांत ते धरलं होतं. "पण भीती कुठाय?" म्हणून परत आणणारे सभासदही आमच्याकडे आहेत. त्यांचं चुकत नाही. किंग म्हणून नेलं आणि दुसरंच निघालं, तर माणूस वैतागणारच.

आमचं मत विचाराल तर: भयकथाकार म्हणून तो उतरला, गोष्ट सांगणारा म्हणून नाही. भयाचा अपवाद एकच, 'रिव्हायव्हल' (२०१४). शेवटची तीस पानं रात्री वाचू नका.

टिकल्यांचा अर्थ

लाल टिकली म्हणजे अस्सल भय. निळी म्हणजे गुन्हा आणि तपास. पिवळी म्हणजे भय बेताचं, माणसांची गोष्ट जास्त. टिकलीशेजारी पेन्सिलीनं 'जा' लिहिलं असेल तर पुस्तक जाडजूड आहे. त्याला पंधराऐवजी तीस दिवस मिळतील, वेगळं शुल्क नाही.

निळी टिकली नेताना क्रम सांभाळा, नाहीतर पुढचं आधी कळून मजा जाते. आधी 'मिस्टर मर्सिडीज' (२०१४). अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेचा एडगर पुरस्कार मिळालेली हीच. मग 'फाइंडर्स कीपर्स', 'एंड ऑफ वॉच', 'द आउटसायडर', 'इफ इट ब्लीड्स' हा दीर्घकथांचा संग्रह, 'होली' (२०२३) आणि 'नेव्हर फ्लिंच' (२०२५). 'आउटसायडर'चा पूर्वार्ध किंगच्या कुठल्याही काळातल्या उत्तम लेखनाच्या तोडीचा आहे. एकच माणूस एकाच वेळी दोन गावांत असल्याचे पक्के पुरावे, आणि दोन्ही खरे. उत्तरार्धात उलगडा झाला की हवा निघते. 'होली'त कोविडची चर्चा फार आहे, आधीच सांगितलेलं बरं.

'डॉक्टर स्लीप' (२०१३) 'द शायनिंग' (१९७७) वाचल्याशिवाय नेऊ नका. पहिलं पुस्तक पिणाऱ्या माणसानं लिहिलंय, दुसरं सोडलेल्यानं. लागोपाठ वाचली तर छत्तीस वर्षांचं अंतर नीट कळतं.

जाड पुस्तकाला हात लावायचा धीर होत नसेल, तर 'जॉयलँड' (२०१३) किंवा 'लेटर' (२०२१) न्या. दोन्ही तीनशे पानांच्या आत, दोन्ही उत्तरकाळातली, आणि तरी कुठेही फाफटपसारा नाही. दोष वयाचा नाही, कात्रीचा, असं आम्ही वर म्हटलं, त्याला हाच पुरावा.

इंग्रजी वाचायचा सराव नसलेल्यांनी मराठीच्या कपाटातून नारायण धारप घ्यावेत. त्यांची 'लुचाई' 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, आणि 'आजी' ही कथा किंगच्या 'ग्रामा'वर. 'तुंबाड' सिनेमा पाहिलेल्यांना 'आजी' वाचताना ओळखीचं काही सापडेल. धारपांवरून किंगकडे आलेले सभासद साहजिकच जुना किंग मागतात. त्यांना थेट लाल टिकलीकडे पाठवतो.

परत करण्याबद्दल

पुस्तक अर्ध्यात सोडलंत तरी लाजू नका. कुठल्या पानावर सोडलं ते काउंटरवर सांगा, आम्ही चिठ्ठीच्या मागे टिपून ठेवतो, पुढच्याला उपयोग होतो. मात्र समासात पेनानं शेरे लिहू नका. 'इट'मध्ये कुणीतरी शाईनं "इथून पुढे कंटाळा" असं लिहिलंय आणि त्याखाली दुसऱ्यानं "तुम्हाला" असं उत्तर दिलंय.

ती 'इट' सध्या बाइंडरकडे आहे. कणा दोन ठिकाणी फुटला होता. पुठ्ठा बांधणी होऊन आली की नंबर लावलेल्या सभासदांना फोन करू. तोवर 'पेट सेमेटरी'ची दुसरी प्रत आणली आहे, चिठ्ठी कोरी आहे.