इंजिनिअरिंगची फी, महाडीबीटी आणि अकरावीतच काढायचे कागद

दहावीला चांगले मार्क, अकरावीला सायन्स, सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, पर्सेंटाइलही बरा. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, सीट लागते आणि तेव्हा घरात कळतं की जात पडताळणी झालेलीच नाही. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. दरवर्षी अशी दोन-तीन पोरं हमखास दिसतात. गणित पक्कं आणि फाइल कच्ची. म्हणून वर्गात मी फीच्या आधी फाइलचं बोलतो, इथेही तसंच करतो.

जातीचा दाखला आणि जात वैधता, म्हणजे आपण ज्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतो ते, हे दोन वेगळे कागद. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, तर व्हॅलिडिटी जिल्हा जाती प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी समित्या वेगळ्या आहेत आणि तिथे वेळ जास्त लागतो, त्यामुळे त्यांनी आणखी लवकर लागावं. अकरावीला सायन्सला प्रवेश झाला की अर्ज करता येतो. तो ऑनलाइन भरायचा, प्रिंटवर प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा आणि फाइल समितीकडे द्यायची. फाइलमध्ये मुलाचा जातीचा दाखला, त्याचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबा, चुलते किंवा आत्या यांचा जुना पुरावा, नमुना ३ मधलं वंशावळीचं शपथपत्र आणि नमुना १७ मधलं शपथपत्र हे सगळं लागतं.

जुना पुरावा म्हणजे किती जुना? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीची जातीची नोंद असेल तर फाइल मजबूत होते. बहुतेक घरं अडतात ती इथेच, कारण आजोबा शाळेची पायरीच चढलेले नसतात. अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं आणि गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, मागायची. आजोबांची किंवा त्यांच्या भावंडांची जन्मनोंद जातीसकट सापडू शकते. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे आधीच व्हॅलिडिटी असेल, तर तिची प्रत सगळ्यात आधी जोडा. अर्धं काम तिथेच होतं.

मागे एका पोराच्या फाइलला त्रुटी लागली. वडिलांच्या दाखल्यावर आजोबांचं नाव ‘गणपत’, कोतवाल बुकात ‘गणू’. माणूस एकच, पण समितीला ते कागदावर हवं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र दिलं आणि काम पुढे सरकलं. बारावीच्या जूनमध्ये हे निघालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. प्रवेशाच्या अर्जाला व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. मग राखीव सीटही गेली आणि त्या प्रवर्गाची फी सवलतही.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांचा लोक फार घोळ घालतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, तो शिष्यवृत्तीला लागतो. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, हे ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) यांना आरक्षणासाठी लागतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. नॉन-क्रिमिलेअरवर वैधतेची तारीख छापलेली असते, ती ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश आहे त्यातल्या ३१ मार्चपर्यंत पोचते का, हे बघून घ्या. खुल्या गटातल्यांना व्हॅलिडिटीची कटकट नाही; ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, अर्ज करायचा असेल तर त्याचं प्रमाणपत्र मात्र काढावं लागतं.

आता फी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्यात फीसोबत निर्वाह भत्ताही असतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी फ्रीशिप आहे, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार देतं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनाही साधारण अशीच रचना. भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क १०० टक्के, ओबीसी मुलांना ५० टक्के. खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तीही ५० टक्के.

मुलींचं गणित २०२४ मध्ये बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के मिळतं. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात नाहीत. ‘मुलींना शिक्षण मोफत’ असं ऐकून काही पालक त्याच विद्यापीठात प्रवेश घेऊन येतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. विकास शुल्क, मेस, बसपास असले खर्चही यात धरू नका.

प्रवेश कॅपमधूनच हवा, ही अट सगळ्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या सीटला या सवलती नाहीत.

ओबीसी किंवा खुल्या गटातल्या मुलाला उरलेली अर्धी फीही जड असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची योजना, बघायचं. मंजूर जागांच्या वर ५ टक्क्यांपर्यंत या जास्तीच्या सीटा असतात, अट आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पसंतीक्रम भरताना प्रत्येक कॉलेजच्या शाखेला चॉइस कोड असतो, ज्या कोडच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ असतो ती ही सीट. जागा कमी, जातीचा विचार नाही, निव्वळ गुणवत्ता, त्यामुळे कटऑफ चढा राहतो. तरी माझं मत असं की पात्र मुलाने प्रत्येक कॉलेजचा ‘टी’चा कोड साध्या कोडच्या वर टाकावा. ती सीट नाही लागली तर खालचा कोड आहेच. मात्र पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली की सीट गोठते, म्हणजे तीच घ्यावी लागते, म्हणून वरचा क्रमांक नीट विचार करून भरा. मुलींना किंवा एससीच्या मुलांना फी तशीही सरकार देतं. त्यांनी या कोडामागे लागायचं फारसं कारण नाही.

प्रवेश झाला म्हणजे फी आपोआप माफ होत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज वेगळा करावा लागतो आणि पुढच्या प्रत्येक वर्षी नूतनीकरण. त्याला कॅपचं अलॉटमेंट पत्र, फीची पावती, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, रेशनकार्ड, अधिवास, उत्पन्न आणि जातीचे कागद, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र लागतं. आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा, नाहीतर ओटीपीच येत नाही. आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत नुसतं ‘आधार लिंक आहे का’ असं विचारू नका, ‘एनपीसीआयला सीडिंग झालंय का’, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात पडतील अशी नोंद झालीय का, असं विचारा. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे पडून राहू शकतो. आठवड्याने शिष्यवृत्तीच्या क्लार्ककडे चक्कर मारायची. एससीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला फीचा भाग कॉलेजला भरायचा असतो, हे पोरांना आधीच बजावून ठेवा. गेल्या दिवाळीत एकाने त्यातून मोबाइल घेतला आणि मार्चमध्ये हॉल तिकिटासाठी माझ्याकडे आला.

राहण्याचं पाहायचं तर आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही की अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासींना स्वयम, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि शाहू शिष्यवृत्तीवाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार आणि अभियांत्रिकीच्या साहित्यासाठी वर ५ हजार मिळतात. पैसे उशिरा येतात, तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांचं भाडं घरून धरून चाला. वसतिगृहाच्या अर्जाची पोच आणि खोलीचा भाडेकरार दोन्ही जपून ठेवा, पुढचा अर्ज त्यावरच होतो.