मुरमाड माळाची प्रत

माण, खटाव, आटपाडी, जत या सातारा-सांगलीच्या दुष्काळी भागात हल्ली टेंभू-म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांचे पाणी कुठवर आले यावरच बोलणे चालते. जमीन कसली आहे, हा प्रश्न मागे पडतो. खरे तर इथल्या मातीची किंमत गेल्या पावणेदोनशे वर्षांत पार उलटीपालटी झाली, आणि माती मात्र होती तीच राहिली.

मूळ खडक सगळीकडे एकच, दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. महाबळेश्वरला त्यावर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याचा जांभा होतो. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत म्हसवडला पाऊस पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. एवढ्याशा पावसात मातीतला चुना धुऊन जात नाही. तो खाली खड्यांच्या रूपाने साठत राहतो. उतारावरची बारीक माती मात्र वाहून ओढ्याकडे जाते. म्हणून माळावर वीतभर तांबूस-करडी माती आणि खाली मुरूम, तर माणगंगा, येरळा, अग्रणीच्या काठाला खोल काळी रानं.

जुनी पीकपद्धत या फरकावरच बसलेली. माळाला बाजरी, मटकी, हुलगा: पावसाच्या दोन-चार सरींत उरकणारी पिके. काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. तो पेरायचा परतीच्या पावसावर, आणि पुढे आभाळाकडे न बघता जमिनीतल्या ओलीवर काढायचा. ओल किती टिकणार हे खोलीवर. उरलेला माळ मेंढरांना आणि खिल्लार जनावरांना.

इंग्रजांच्या महसूल पाहणीने नेमकी हीच खोली हाती धरली. 1847 च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यासाठी प्रतवारीचे कोष्टक पक्के केले. मातीचे पोत-रंगावरून तीन प्रकार, आणि खोलीनुसार नऊ वर्ग. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण प्रतीची. तळाचा वर्ग दोन आण्यांचा. चुनखडीचे मिश्रण, वाळू, उतार, उपळ (खालून वर येणारे पाणी) असे दोष दिसले की वर्ग खाली. पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले आणि ही पद्धत इकडेही आली. सातबाऱ्यावरच्या ‘आकारा’चे, म्हणजे शेतसाऱ्याच्या आकड्याचे, मूळ तिथे आहे. जिरायती शाळूपुरते हे कोष्टक चोख होते, त्यात वाद नाही. पण ती जमिनीची कायमची लायकी असल्यासारखी डोक्यात बसली, आणि माळ म्हणजे हलके रान हे ठरून गेले.

1972 च्या दुष्काळानंतर पाझर तलाव, नालाबांध झाले, विहिरी खोल गेल्या. खरा फरक पाडला तो ठिबकने आणि डाळिंबाने. डाळिंबाचा बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. मुरमाड रानात पाणी तोडले की जमीन लवकर सुकते, पानगळ होते, आणि पुन्हा पाणी सोडले की फूल एकदम निघते. भारी काळ्या रानात ओल हटत नाही. ताण बसत नाही, वर मुळ्या कुजून मर लागण्याची भीती. म्हणजे खोलीअभावी जे रान दोन-चार आण्यांत बसले असते, तेच ‘गणेश’ आणि नंतर ‘भगवा’ या डाळिंबाच्या वाणांसाठी सोयीचे निघाले. तेल्या हा जिवाणूंचा रोग आला तेव्हा बागा उपटल्या गेल्या, पण तो दोष मातीचा नव्हता.

द्राक्षाला चुन्याने जास्त छळले. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे दिसले की समजायचे, लोह जमिनीत असून वेलीला मिळत नाही. त्यावर आणि खारट पाण्यावर तोड म्हणून डॉगरीजसारख्या खुंटांवर (दुसऱ्या जातीच्या मुळांवर) कलम करणे रुळले. तासगावच्या बागायतदारांनी तर थॉम्पसनमधून निवडून ‘तास-ए-गणेश’ हे वाण उभे केले. इथली कोरडी हवा पिकाला जाच होती. बेदाण्याला तीच उपयोगी पडली.

इकडे सोळा आण्यांच्या रानाचे काय झाले? वाळवा, पलूस, मिरजेच्या नदीकाठी कृष्णेचे पाणी आणि वर्षानुवर्षे ऊस. चिकण माती निचरा होऊ देत नाही. पाण्याची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर आले, पांढरी झालेली रानं पडून राहिली. आता तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा खर्च चालू आहे.

उपसा योजनांचे पाणी दुष्काळी पट्ट्यात पोहोचले तसा ऊसही पाठोपाठ निघाला आहे. वीतभर मातीच्या माळावर पाटाने दिलेले पाणी मुरमात जिरून जाते आणि खालच्या अंगाच्या काळ्या रानात उपळते. टेंभूचे वितरण बंद पाइपातून करण्यामागे पाणी वाचवणे हा हेतू आहेच. माझ्या मते निचऱ्यासाठीही ते तितकेच गरजेचे आहे. पाणी येण्याआधी निदान माती परीक्षणाच्या कागदावरचे सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघावेत. बहुतेक जण नत्र-स्फुरद-पालाश वाचून कागद घडी करतात.