औरंगजेबाचा गुडघा, माणचा पूर आणि जुन्या पावसाचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात माण नदीच्या काठी खवासपूर आहे. इ.स. १७०० मध्ये १ ऑक्टोबरच्या रात्री इथे औरंगजेबाच्या छावणीत पुराचं पाणी घुसलं. वरच्या डोंगरात पाऊस कोसळला होता आणि खाली छावणी झोपेत होती. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. त्या गोंधळात बादशहा धडपडला, त्याचा उजवा गुडघा निखळला आणि पुढे मरेपर्यंत तो लंगडत चालला.

इतिहासात हा किस्सा म्हणून येतो. जुन्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र त्यात दोन नोंदी सापडतात. पाऊस पडला, ही उघड नोंद. दुसरी कुणी मुद्दाम लिहिलेली नाही: छावणीचा काही भाग नदीच्या पात्रातच, वाळूवर पडला होता. म्हणजे पावसाळा सरत आला तरी पात्र कोरडं होतं. माणच्या बाबतीत हे काही आक्रीत नव्हे, ती नदी वर्षातले बरेच दिवस कोरडीच असते. त्यामुळे एवढ्यावरून १७०० साल दुष्काळी ठरवणं घाईचं होईल. पण कागद वाचायची रीत हीच. लिहिणाऱ्याला जे सांगायचं होतं ते बाजूला ठेवायचं आणि त्याच्याकडून ओघात काय सांगितलं गेलं ते टिपायचं.

आता तारखेकडे बघू. आजचा शेतकरी १ ऑक्टोबर म्हटलं की हस्ताचा पाऊस म्हणेल. पण इतिहासाच्या पुस्तकांतली ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती १२ ऑक्टोबर होते. शिवाय पंचांगातलं सौरवर्ष ताऱ्यांवरून मोजलेलं, ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं. त्यामुळे साधारण ७० वर्षांत प्रत्येक नक्षत्र एक दिवस पुढे सरकतं. आज ७-८ जूनला लागणारा मृग तीनशे वर्षांपूर्वी ३-४ जूनच्या सुमारास लागत असे. हे सगळं जमेस धरलं की खवासपूरचा पाऊस हस्ताचा नव्हे, चित्राचा निघतो.

एवढा काथ्याकूट कशाला? कारण सोलापूरकडे वर्षाचा एकूण पाऊस किती, यापेक्षा तो कधी पडला याला जास्त मोल आहे. इथे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो आणि रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरतात. जून-जुलै कोरडा गेला तरी निभावतं. हस्त कोरडा गेला की पेरणीच हुकते, मग माणसाला भाकर नाही आणि जनावराला कडबा नाही. म्हणून ‘पाऊस बरा झाला’ या जुन्या पत्रातल्या वाक्याचा कोकणातला अर्थ वेगळा आणि मंगळवेढ्यातला वेगळा.

पाऊस मोजण्याची शिस्तशीर व्यवस्था आपल्याकडे तशी अलीकडची. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जुळवलेली देशभराची पर्जन्यमालिका १८७१ पासून सुरू होते. त्याच्या मागे जायचं तर कागद हवेत. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), गावोगावच्या कुलकर्ण्यांची दप्तरं, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार, मिशनऱ्यांची पत्रं, मुंबईची वर्तमानपत्रं. किंग्ज कॉलेज लंडनचे जॉर्ज अॅडमसन आणि ब्रायटन विद्यापीठाचे डेव्हिड नॅश यांनी अशाच इंग्रजी कागदांवरून पश्चिम भारतातल्या १७८१ ते १८६० या काळातल्या पावसाचा चढउतार मांडला, मुंबईत मोसमी पाऊस कधी दाखल होत गेला त्याच्या तारखाही शोधल्या.

पद्धत ऐकायला साधी आहे. एकेका हंगामाची सगळी वर्णनं एकत्र करायची आणि त्या हंगामाला ‘अगदी कोरडा’ ते ‘अतिवृष्टी’ यांमधली एक पायरी द्यायची. मग ज्या वर्षांचे कागदही आहेत आणि पर्जन्यमापकाचे आकडेही आहेत, ती वर्षं घेऊन पायऱ्या आणि मिलिमीटर जुळतात का ते तपासायचं. जुळले तरच आणखी मागच्या, आकडे नसलेल्या वर्षांवर भरवसा ठेवता येतो.

अडचण कागदातच असते. गावाने सरकारात अर्ज केला की पाऊस नाही, पीक बुडालं, साऱ्यात सूट मिळावी. तो अर्ज खरा की वाढवून लिहिलेला? आजही पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत की वर यावरून गावं भांडतात. अठराव्या शतकातले पाटील-कुलकर्णी काही निराळे नव्हते. त्यामुळे अर्जापेक्षा मामलेदाराने पाहणी करून खरोखर किती सूट दिली ती नोंद जास्त वजनदार. महसूल सोडताना सरकारचा हात जड होतो, तरीही सुटला असेल तर दाणादाण झालीच असणार.

महागाईचंही तसंच. १८०२ ते १८०४ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, पण त्याला होळकरांच्या फौजा आणि पेंढाऱ्यांची लूटमार मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. उभी पिकं गेली, धान्य पळवलं गेलं. नुसते ज्वारीचे भाव बघून आभाळावर खापर फोडलं, तर फसगत व्हायची.

दुष्काळाच्या आठवणींना सोलापुरात तोटा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी राज्याची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, ही कथा इथे पोरासोरांनाही पाठ असते. तिच्यातून पंधराव्या शतकातल्या दुष्काळाची धग कळते, पण नेमकं साल काढायला कथा उपयोगी नाही. सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत होणारी वासराची भाकणूकही (वासराच्या वागण्यावरून सांगितलेलं वर्षाचं भाकीत) दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते. पाऊस किती झाला हे तिच्यावरून कळणार नाही. लोकांना त्या वर्षी कशाची धास्ती होती, ते मात्र कळेल.

म्हणून कागदाला दुसरा साक्षीदार लागतो. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या थरांमध्ये ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (हलक्या-जड अणूंचं) प्रमाण पावसाप्रमाणे बदलत गेलं आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस अनेकदा दीर्घकाळ दुबळा राहिला, असं ते थर सांगतात. परंपरेने १३९६ पासून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळात येतो. १७८९ ते १७९३ दरम्यानच्या अवर्षणाला तर मोजमापाचाही आधार आहे. विल्यम रॉक्सबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा आंध्रातल्या सामलकोटला पाऊस मोजत होता. पुढे इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी त्या कोरड्या वर्षांचा संबंध पॅसिफिक महासागरातल्या तीव्र एल निनोशी, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापण्याशी, लावला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाबद्दल वादच नाही. मुंबई इलाख्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होतं. दुष्काळाशी सामना म्हणून बांधलेला एकरुखचा तलाव, आपला हिप्परग्याचा, जेमतेम पाच वर्षांपूर्वी पुरा झाला होता.

मराठी कागदांचं काम मात्र मागे आहे, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे. मुंबईच्या इंग्रजी पत्रांवरून घाटमाथ्यापर्यंतचा पाऊस समजेल. पर्जन्यछायेतल्या उत्तरा-हस्ताची खबर ती कशी देणार? त्यासाठी मोडी वाचणारी माणसं हवीत. निव्वळ दुष्काळाची हृदयद्रावक पत्रं शोधून भागणार नाही. अडत्याची रूक्ष चोपडी जास्त कामाची. तीत तिथी, मापं आणि भाव ओळीने लिहिलेले असतात. रब्बी ज्वारी फाल्गुन-चैत्रात खळ्यावर आली की भाव उतरायचा आणि नंतर पुढच्या सुगीपर्यंत हळूहळू चढायचा, ही दरसालची चाल. ही चढण सोडून आश्विनात भावाने एकाएकी उसळी घेतलेली दिसली, आसपास फौजेची वर्दळ नसली आणि शेजारच्या दोन-तीन बाजारांतही त्याच पंधरवड्यात तसंच घडलेलं असलं, तर त्या वर्षी हस्त कोरडा गेला असं लिहायला हरकत नाही.