महाविहार आणि अभयगिरी: अनुराधापूरचे दोन विहार

श्रीलंकेच्या जुन्या बौद्ध इतिहासात अनुराधापूरचे महाविहार आणि अभयगिरी कायम जोडीने येतात, म्हणून त्यांची गल्लतही होते. एकोणिसाव्या शतकात तर अभयगिरीच्या स्तूपाला जेतवन (अनुराधापूरचा तिसरा मोठा विहार) आणि जेतवनाच्या स्तूपाला अभयगिरी म्हटलं जायचं. तो घोळ पुढे निस्तरला. पण ‘महाविहार म्हणजे थेरवाद आणि अभयगिरी म्हणजे महायान’ (थेरवाद हा जुन्या पाली परंपरेचा बौद्ध पंथ, महायान त्यानंतरचा) ही समजूत अजून ठाण मांडून बसली आहे, आणि ती मला फार खटकते.

महाविहार जुना. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकपुत्र महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) अनुराधापूरजवळच्या मिहिन्तले डोंगरावर आले, तेव्हा राजा देवानंपिय तिस्साने महामेघवन हे उद्यान संघाला दिलं आणि तिथे हा विहार उभा राहिला. संघमित्रा थेरींनी आणलेली बोधिवृक्षाची फांदी इथेच रुजली. दुट्ठगामणी राजाचा महास्तूपही इथलाच. हा परिसर जुन्या नगराच्या दक्षिणेला आहे, अभयगिरी उत्तरेला.

अभयगिरी स्थापन झाला तो महावंस या लंकेच्या पाली इतिहासग्रंथाच्या हिशेबाने महाविहारानंतर २१७ वर्षं, १० महिने आणि १० दिवसांनी. वट्टगामणी अभय हा राजा लढाई हरून पळत असताना गिरी नावाच्या निगंठाने, म्हणजे जैन साधूने, त्याची मोठ्याने हेटाळणी केली. काही वर्षं रानावनात काढून राजा परतला, त्याने त्या साधूंचा मठ पाडला आणि त्याच जागी विहार बांधला. पडत्या काळात आधार देणाऱ्या महातिस्स थेरांना तो त्याने दान केला.

ठिणगी पडली ती इथे. गृहस्थांच्या घरी फार राबता ठेवतात, असा ठपका ठेवून महाविहाराच्या भिक्खूंनी महातिस्सांना संघातून काढलं. त्यांच्या शिष्याने विरोध केला, तर त्याच्यावरही कारवाई झाली. तो आपल्या भिक्खूंसह अभयगिरीत गेला आणि परत आलाच नाही. म्हणजे पहिली फूट विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या, प्रश्नावरून पडली. तिथे महायानाचा संबंधच नव्हता.

वैचारिक अंतर पुढे वाढलं. अभयगिरीने भारतातून येणाऱ्या नव्या मतांना दार उघडं ठेवलं आणि थेरवादासोबत महायानाचाही अभ्यास केला. महाविहाराने जुनी पाली परंपरा कसोशीने जपली. पाचव्या शतकात बुद्धघोष या पंडित भिक्खूंनी अट्ठकथा, म्हणजे तिपिटकावरच्या टीका, लिहिल्या त्या याच विहारात. महाराष्ट्रात आज जे पाली तिपिटक अभ्यासलं जातं, ते आपल्यापर्यंत आलं त्यात या परंपरेचा मोठा वाटा आहे. तो मान तिला द्यायलाच हवा.

मात्र महावंस लिहिला तोही महाविहारानेच. अभयगिरीची बाजू सांगणारा तसा इतिहासग्रंथ आज हाती नाही. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या महासेन राजाची हकिगत एका डोळ्याने सांगितलेली आहे, हे धरूनच वाचावी. त्याने महाविहाराला भिक्षा घालायला बंदी केली. भिक्खू रोहण आणि मलय प्रांतांत निघून गेले, महाविहार नऊ वर्षं ओस पडला आणि तिथली लोहप्रासाद ही भव्य इमारत पाडून त्याचं सामान अभयगिरीला नेलं गेलं.

अभयगिरी आतून कसा होता, हे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूमुळे कळतं. तो सांगतो की अभयगिरीत ५,००० भिक्खू होते आणि महाविहारात ३,०००. अभयगिरीतल्या हरित रत्नाच्या बुद्धमूर्तीपाशी एका व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा त्याने पाहिला आणि मायदेशाच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. दोन वर्षं लंकेत राहून तो महीशासक या जुन्या बौद्ध पंथाचा विनयग्रंथ घेऊन परतला. जावा बेटावर रतु बोको इथे ७९२चा शिलालेख आहे, त्यातही अभयगिरी विहाराचं नाव येतं.

बाराव्या शतकात पराक्रमबाहू पहिला याने संघाचं एकीकरण केलं. अभयगिरी आणि जेतवनाच्या भिक्खूंना महाविहाराची परंपरा स्वीकारून नव्याने दीक्षा घ्यावी लागली आणि अभयगिरीचा वेगळा निकाय, म्हणजे भिक्खूंचा पंथ, तिथेच संपला.