धाप मोजायची कशी? ‘ग्रेड 3’ चा घोळ

फुफ्फुसातली हवा मोजणारं यंत्र 1846 मध्येच लंडनला आलं होतं. दम लागणं मोजायची गरज मात्र खरी भासली ती शंभर वर्षांनी, ब्रिटनमधल्या साउथ वेल्सच्या कोळसा खाणींत. एक्स-रेतले डाग आणि कामगाराची धाप यांचा मेळ बसेना, म्हणून 1950 च्या दशकात साधे प्रश्न ठरले. त्यातला एक: सपाट रस्त्यावर बरोबरीच्या वयाच्या माणसांसोबत चालता येतं का? (बरोबरीचेही खाणीतलेच असले तर?)

या प्रश्नांच्या उत्तरांवरून धापेची पायरी, म्हणजे ‘ग्रेड’, ठरवणारी पट्टी बनली. ती पाहणीसाठी होती, कामगाराच्या असमर्थतेच्या दाखल्यासाठी नव्हे. पुढे ती दाखल्यांवर आली आणि तिथेच घोळ झाला. मूळ पट्टी 1 ते 5, नंतरची सुधारित 0 ते 4. वाक्यं जवळपास तीच, आकडे एकाने सरकलेले. जुन्या पट्टीत ‘ग्रेड 3’ म्हणजे इतरांपेक्षा हळू चालणारा माणूस. नव्या पट्टीत ‘ग्रेड 3’ म्हणजे शंभरेक यार्डांवर श्वास घ्यायला थांबणारा. फाईलवर नुसतं ‘ग्रेड 3’ लिहिलेलं असलं, तर पहिला हलकं काम करू शकेल आणि दुसऱ्याला फाटकापासून टेबलापर्यंत पोचणंही जड जाईल. पट्टीचं नाव लिहायला दोन शब्द लागतात, तेही लिहिले जात नाहीत. शिवाय पट्टी विचारते चालण्याबद्दल. हमाल आणि कारकून एकाच ग्रेडचे असले तरी नोकरी हमालाचीच जाते.

1980 मध्ये अवयवातला बिघाड आणि त्यामुळे येणारी असमर्थता या वेगळ्या गोष्टी म्हणून मांडल्या गेल्या. 1986 च्या अमेरिकन निकषांनी पुन्हा आकडे दिले: पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा अपेक्षेच्या (त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या) 40 टक्के किंवा कमी असेल तर बिघाड तीव्र. व्यायामचाचणीत ऑक्सिजनचा कमाल वापर दर किलो वजनामागे मिनिटाला 15 मिलिलीटरच्या आत असेल, तर बहुतेक नोकऱ्या अशक्य. कारण कामावर जाण्या-येण्यातच दम संपतो. पाळीभर सोसेल असं काम कमाल क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतचंच, असाही हिशेब त्यात होता. मला हा भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, निदान तो कामाबद्दल बोलतो.

पण ‘अपेक्षित’ म्हणजे कुणाच्या तुलनेत? अमेरिकेत काळ्या लोकांसाठी ते मूल्य कित्येक वर्षं 10 ते 15 टक्के कमी धरलं जाई. म्हणजे तेवढीच हवा फुंकणारा काळा कामगार कागदावर जास्त धडधाकट ठरे आणि भरपाईपासून तेवढाच लांब राही. 2023 मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी वंशनिरपेक्ष मूल्यं वापरण्याची शिफारस केली.